जिना, धूर आणि संध्याकाळचा वर्ग

नागपुरात संध्याकाळी कामावरून सुटून शिकायला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सीताबर्डी, धरमपेठ, महाल, नंदनवन अशा भागांतील इमारतींच्या वरच्या मजल्यांवर स्पर्धा परीक्षांचे वर्ग, अभ्यासिका, संगणक आणि टंकलेखनाच्या संस्था, शिवणवर्ग चालतात. रात्रशाळा आहेत, आणि १५ वर्षांवरील निरक्षर व्यक्तींसाठी २०२२ ते २०२७ या काळात राबवला जाणारा ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रमही आहे. लहान मुलांच्या शाळेत आग लागल्यास काय करायचे याची कवायत व्हावी, असे कोणालाही सांगावे लागत नाही. मोठ्यांच्या वर्गाबाबत मात्र ती माणसे जाणती आहेत, वेळ आली की आपापली बाहेर पडतील, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे आगीच्या व मानवी वर्तनाच्या अभ्यासातून पुरेसे स्पष्ट झालेले आहे.

आगीतून सुटकेचा विचार करताना अभियंते दोन वेळांची तुलना करतात. आग लागल्यापासून वाट धुराने निकामी होईपर्यंतचा वेळ हा एक, आणि सगळ्यांना बाहेर पडायला प्रत्यक्ष लागणारा वेळ हा दुसरा. दुसरा वेळ पहिल्यापेक्षा कमी असेल तरच माणसे वाचतात. या दुसऱ्या वेळाचेही भाग असतात: आग लागल्याचे कळणे, ते खरे मानणे, उठायचे ठरवणे आणि शेवटी चालणे. आपण सारे लक्ष चालण्यावर देतो. पण अनेकदा अधिक वेळ जातो तो चालायला सुरुवात होण्याआधीच.

पहिला वेळ ठरवतो तो मुख्यतः धूर. ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या वायूची घनता खोलीतल्या हवेच्या जवळजवळ निम्मी होते, त्यामुळे तो वेगाने वर चढतो, छताला भिडतो आणि तिथून थर जाड करत खाली उतरू लागतो. या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तातील ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. आजच्या अभ्यासिकेतल्या फिरत्या खुर्च्यांच्या गाद्यांमध्ये असतो तो पॉलियुरेथेन फोम जळताना हायड्रोजन सायनाइड हा आणखी एक विषारी वायूही सोडतो. ज्वाळा अंगापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी माणूस गोंधळतो, त्याचे पाय लटपटतात आणि तो खाली बसतो. धुरातून जावे लागलेच तर वाकून किंवा रांगत जावे असे सांगतात ते यासाठीच, कारण जमिनीलगतची हवा तुलनेने थंड आणि स्वच्छ राहते.

आता अशा एखाद्या इमारतीचा जिना नीट पाहावा. तळाशी भिंतीवर सगळ्या गाळ्यांचे विजेचे मीटर एका लाकडी फळीवर ओळीने बसवलेले असतात, त्यांच्यातून नवीन-जुन्या वायरींचे जुडगे वर गेलेले असते. मीटरच्या खालीच, उन्हापासून आणि चोरीपासून वाचावी म्हणून, विद्यार्थ्यांची पेट्रोल भरलेली दुचाकी वाहने एकमेकांना खेटून उभी असतात. वर वर्गाच्या दारासमोर पायऱ्यांवर चपलांचा ढीग असतो. सर्वांत वर गच्चीचे दार असते आणि त्याला कुलूप असते. म्हणजे आग जिथे लागण्याची शक्यता जास्त, जिथे इंधन साठलेले आणि जिथून धूर चिमणीसारखा वर चढणार, तीच बाहेर पडण्याची एकमेव वाट. दिल्लीच्या मुखर्जीनगरात १५ जून २०२३ रोजी शिकवणी वर्गांच्या इमारतीत आग लागली ती विजेच्या मीटरजवळच, आणि विद्यार्थ्यांना खिडक्यांतून दोरांच्या व वायरींच्या आधाराने उतरावे लागले. त्याआधी २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला संकुलात वरच्या मजल्यावरील वर्गातल्या २२ तरुणांचा जीव गेला. तिथे वर जाणारा जिना लाकडी होता आणि तोच जळाला.

जिन्यावरून किती माणसे उतरू शकतात याचा अंदाज साध्या आकडेमोडीने येतो. गर्दीत माणूस भिंतीला घासून चालत नाही, दोन्ही बाजूंना सुमारे १५ सेंटिमीटर जागा सोडतो. त्यामुळे एक मीटर रुंद जिन्याची उपयोगी रुंदी ७० सेंटिमीटरच उरते. उपयोगी रुंदीच्या दर मीटरमागे सेकंदाला साधारण एक माणूस, या हिशेबाने असा जिना मिनिटाला जेमतेम चाळीस जणांना उतरवतो. तिसऱ्या मजल्यावर १२० जण असतील तर सगळे काही सुरळीत झाले तरी तीन मिनिटे हवीत. तळाशी गाड्यांमुळे वाट ६० सेंटिमीटर उरली असेल, तर उपयोगी रुंदी ३० सेंटिमीटर होते आणि हाच वेळ सहा मिनिटांच्या पुढे जातो. राष्ट्रीय इमारत संहितेने शैक्षणिक इमारतीच्या जिन्याला किमान दीड मीटर रुंदी सांगितली आहे ती उगाच नाही. दुकानांसाठी बांधलेल्या संकुलात नंतर वर्ग सुरू झाले की हा हिशेब कोणी पुन्हा मांडत नाही.

मानवी वर्तनाचा भाग मला याहून महत्त्वाचा वाटतो. लाताने आणि डार्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, प्रश्नावली भरत बसलेल्या माणसांच्या खोलीत फटीतून धूर सोडला होता. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी उठून तो कळवला. पण शेजारी दोघे जण मुद्दाम स्वस्थ बसवलेले असताना फक्त १० टक्के उठले. डोळे चुरचुरत होते, धूर दिसत होता, तरी दुसरे कोणी हलत नाही म्हणून तेही हलले नाहीत. परीक्षेच्या तयारीत गढलेल्या शंभर जणांच्या शांत अभ्यासिकेत याहून वेगळे काय घडेल? आगीत लोक वेडेपिसे होऊन धावतात ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. लोक थांबतात, एकमेकांकडे पाहतात, पुस्तके आवरतात, चार्जर काढतात, चपला शोधतात. प्रौढ माणसाला तर आपण घाबरट दिसू याचाही संकोच असतो.

दुसरी गोष्ट, माणूस ज्या दाराने आला त्याच दाराकडे परततो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमधल्या ‘स्टेशन’ नाइटक्लबमध्ये २० फेब्रुवारी २००३ रोजी आग लागली, तेव्हा इतर दरवाजे असूनही बहुसंख्य लोक पुढच्या दाराकडे वळले आणि दोन मिनिटांच्या आत तिथे माणसांचा खच पडून वाट बंद झाली. त्या आगीत १०० जण गेले. आठवड्यातून तीनदा दोन तासांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्याने इमारतीचा मागचा जिना कधी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने तो जिना अस्तित्वातच नसतो.

म्हणून प्रौढांच्या वर्गात कवायत घ्यायची ती मागच्या वाटेने, वर्ग भरण्याच्या खऱ्या वेळी, म्हणजे सायंकाळी सात-आठ वाजता. सकाळी अकराला रिकाम्या इमारतीत चार कर्मचाऱ्यांनी घेतलेल्या कवायतीतून रात्री मागच्या फाटकाला कुलूप लागते हे कळत नाही. एकदा मुख्य जिन्यावर एका माणसाला उभे करून ‘इथे धूर आहे’ असे सांगायला लावावे, म्हणजे सगळ्यांना दुसरी वाट शोधावीच लागते. नुसत्या घंटेवर विसंबू नये. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या भुयारी रेल्वे स्थानकात झालेल्या अभ्यासात घंटेपेक्षा स्पष्ट बोललेल्या सूचनेने लोक कितीतरी लवकर बाहेर पडले. तेव्हा शिक्षकाने मराठीत आणि हिंदीत एकेक वाक्य मोठ्याने म्हणावे: आग लागली आहे, सामान ठेवा, मागच्या जिन्याने चला.

साक्षरता वर्गाचा प्रश्न वेगळा आणि नाजूक आहे. बाहेरची वाट दाखवणारी इंग्रजीतली लाल-हिरवी पाटी ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी दाराकडे धावणाऱ्या माणसाचे हिरवे चित्र लावावे. ते याच हेतूने जगभर वापरले जाते. आग, जिना, बाहेर, १०१ हे शब्द आणि अंक पहिल्या धड्यांतच शिकवता येतील. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजींना कोणी हात द्यायचा हे नावानिशी ठरलेले असावे, आणि सोबत लेकरू घेऊन येणाऱ्या बाईंना दाराजवळची जागा द्यावी. लिफ्ट वापरायची नाही, हे तर आलेच.

नागपूरच्या उन्हाळ्याने आणखी एक अडचण निर्माण केली आहे. मार्चअखेर खिडक्यांच्या चौकटीत कूलर बसतात ते पावसाळ्यापर्यंत हलत नाहीत, बाकीच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या असतात आणि उन्हाच्या झळा नकोत म्हणून त्या बंदच राहतात. जिन्यात धूर भरला असेल तर वर्गाचे दार लावून, फटीत ओले कापड कोंबून, खिडकीशी उभे राहून अग्निशमन दलाला दिसायचे, हा शेवटचा उपाय असतो. प्रत्येक खोलीत किमान एक खिडकी कूलरविना आणि उघडणाऱ्या जाळीची राखली नाही, तर तोही उरत नाही. आग लागल्यावर कूलर बंद करायला कोणीतरी नेमलेले हवे, कारण त्याचा पंखा बाहेरचा धूर आत ओढू शकतो आणि आतल्या आगीला हवा पुरवतो.

कायदा याबाबत मुका नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. पण हे प्रमाणपत्र यंत्रणेचे आहे, माणसांच्या सवयीचे नाही. देशभरातील अग्निशमन अधिकारी जिथे घडतात ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून याच शहरात आहे. १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहाची वाट न पाहता संस्थाचालकांनी या क्षेत्रातील जाणकारांकडून आपला जिना एकदा तपासून घ्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

सर्वांत कठीण काम बाहेर पडल्यानंतरचे आहे. शाळेत हजेरीपट असतो. अभ्यासिकेत कोण केव्हा आले आणि चहाला केव्हा खाली गेले याची नोंद नसते, त्यामुळे ‘आत कोणी राहिले का’ या अग्निशमन जवानाच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. त्यासाठी दाराशी येण्या-जाण्याची वही हवी आणि ती बाहेर घेऊन जाण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर असावी. जमण्याची जागा रस्त्यापलीकडे असावी, म्हणजे बंबाला वाट मोकळी राहील. कवायतीत पहिली सूचना दिल्यापासून शेवटचा माणूस तिथे पोहोचेपर्यंतचा वेळ त्याच वहीत लिहावा, कोण कुठे अडले तेही लिहावे, आणि पुढची कवायत वेगळ्या दिवशी, वेगळ्या तुकडीसोबत घ्यावी.