लॅक्टोज-फ्री दूध म्हणजे डेअरी-फ्री नव्हे

दुकानात लॅक्टोज-फ्री दूध आणि डेअरी-फ्री, म्हणजे सोया-ओटसारखी जनावराच्या दुधाशिवायची ‘दुधं’, एकाच फळीवर असतात, आणि ओटच्या खोक्यावरही ‘लॅक्टोज-फ्री’ छापलेलं असतं. मग गोंधळ होणारच. पण दुधाची ॲलर्जी असलेल्याला हा गोंधळ थेट दवाखान्यात नेऊ शकतो.

लॅक्टोज-फ्री दूध हे गाईचंच दूध. १०० मिलीलिटर दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज ही साखर असते. ती पचवायला लॅक्टेज हे एन्झाइम लागतं, आणि जगातल्या बहुतांश लोकांमध्ये ते वयानुसार कमी होतं. मग पोट फुगतं, गुडगुडतं. इथे तेच एन्झाइम आधीच दुधात घालतात आणि लॅक्टोजचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे तुकडे होतात. केसीनसारखी प्रथिनं मात्र जिथल्या तिथे राहतात, आणि ॲलर्जी असते ती याच प्रथिनांची.

सोया, बदाम, ओट यांच्या ‘दुधात’ जनावराचं काहीच नसतं. पण म्हणून ती सगळी सारखी नाहीत. सोयात प्रथिनं जवळपास गाईच्या दुधाइतकी असतात, तर बदामाच्या पेल्यात जेमतेम एखादा ग्रॅम.

गंमत चवीत आहे. लॅक्टोज-फ्री दूध चाखलं की साखर घातल्यासारखं वाटतं, कारण ग्लुकोज लॅक्टोजपेक्षा बरंच गोड. ओटचंही तसंच: एन्झाइम त्यातल्या स्टार्चची माल्टोज साखर करतं. सोयाचा तो कच्च्या शेंगेसारखा वास मात्र दाणे दळताना लिपॉक्सिजनेज या एन्झाइममुळे येतो. गरम पाण्यात दळले की तो बराच कमी होतो.

आचेवर फरक लगेच दिसतो. लॅक्टोज-फ्री दूध आटवताना नेहमीपेक्षा लवकर तांबूस होतं. ओटचं उकळलं की खळीसारखं दाट होतं. सोया कडक, आंबटसर कॉफीत ओतलं की क्षणात पांढऱ्या चिंध्या तरंगतात. कॉफी जरा निवली की हा प्रकार कमी होतो.

ओटचा पहिला चहा मला चक्क पेजेसारखा लागला होता. दोष ओटचा नव्हता, जीभ दूध शोधत होती. महिनाभर तोच चहा घेतला. मग एकदा साध्या दुधाचा कप समोर आला, आणि आधी कधीच न जाणवलेला सायीचा वास नाकाला आला.