निखाऱ्यांशेजारी पाणी ठेवल्यानं बंद खोली सुरक्षित होत नाही

थंडीत हा संदेश दरवर्षी फिरतो: ‘धूर गेलेले निखारे घमेल्यात घालून खोलीत ठेवा, शेजारी पाण्याचं भांडं ठेवा, विषारी वायू पाणी शोषून घेतं.’

धुळे-जळगावकडची घरं उन्हाळ्याच्या हिशेबानं बांधलेली. जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरला की पत्र्याची खोली रात्रभर ऊब आभाळाकडे सोडत राहते. मग पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, निखारे आत घ्यावेसे वाटणारच.

पण धूर थांबला म्हणजे विष थांबलं असं नाही. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखाऱ्यांवर फिकट निळी ज्योत दिसते ना, तिथे हाच वायू जळत असतो. उरलेला खोलीत पसरतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि झोपेतल्या माणसाला कळतही नाही. पाण्यात तो जेमतेम विरघळतो, त्यामुळे भांड्याचा उपयोग शून्य. राखेनं झाकलेले निखारेही तो सोडतच राहतात.

पडताळायचं कसं? नाकावर भरवसा नको. हा वायू ओळखणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं. खोलीतल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखू लागलं, मळमळलं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर संशय पक्का धरा आणि थेट दवाखाना गाठा.

शेकायचं ते अंगणात. झोपताना गोधडी अंगावर जशी, तशी अंगाखालीही जाड हवी; खाटेवर थंडी खालूनच जास्त लागते.