छप्पर बदलायला परवानगी : खानदेशातल्या नियमांची पार्श्वभूमी

एप्रिल-मे उजाडला की धुळे-जळगाव पट्ट्यात छपरांची कामं निघतात आणि तोच जुना प्रश्न पुढे येतो : पत्रे बदलायचे, धाबं (मातीचं सपाट छप्पर) काढून स्लॅब टाकायचा, तर नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते का? उत्तर कामागणिक बदलतं, आणि ते का बदलतं हे कायद्याच्या इतिहासात डोकावलं की समजतं.

तापीच्या खोऱ्यात पाऊस बेताचा, ऊन मात्र जीवघेणं. म्हणून इथलं जुनं घर धाब्याचं. जाड भिंती, त्यावर लाकडी सर (जाड तुळया), सरांवर कड्या, वर फळ्या किंवा काड्यांचा थर आणि सगळ्यांवर माती. पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर नवी खारी माती पसरायची, कारण तिच्यातून पाणी सहज झिरपत नाही. पाऊस वाढत जातो त्या नवापूर-अक्कलकुवा-धडगावकडे मात्र उतरती कौलारू घरं. दर वर्षी माती टाकणं, कौलं चाळणं ही घरधन्याची नेहमीची कामं होती; त्यासाठी कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

कायद्याने छपराकडे पहिल्यांदा पाहिलं ते आगीच्या भीतीने. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यात छप्पर आणि बाहेरच्या भिंती गवत, पाला, चटया अशा पेट घेणाऱ्या वस्तूंच्या नसाव्यात, असा हुकूम काढायचा अधिकार पालिकांना दिलेला होता. मातीच्या धाब्याला या कलमाची झळ नव्हती. ती पोहोचली गवताने शाकारलेल्या, म्हणजे गरिबांच्याच घरांना. त्याच कायद्यात दुसरी तरतूद होती : नवी इमारत उभारण्याआधी, किंवा जुन्या इमारतीत बाहेरून बदल वा वाढ करण्याआधी पालिकेला कळवायचं. आजच्या बांधकाम परवान्याचं मूळ या दुसऱ्या तरतुदीत आहे. यातला ‘बाहेरून’ हा शब्द पुढे फार महत्त्वाचा ठरला, कारण छप्पर घराच्या आतलंही असतं आणि बाहेरचंही.

१९६५ च्या नगरपरिषद कायद्याने ही चौकट पुढे चालवली. खेड्यांत १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ ने गावठाणातलं बांधकाम आणि पुनर्बांधणी पंचायतीच्या परवानगीखाली आणली. मग १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला. त्याच्या कलम ४३ नुसार विकास योजनेच्या हद्दीत परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. मात्र देखभाल-दुरुस्तीचं काम घराच्या आतल्या भागापुरतं असेल, किंवा त्याने बाहेरचं स्वरूप फारसं बदलत नसेल, तर सूट आहे. राष्ट्रीय इमारत संहितेने हेच अधिक स्पष्ट केलं : रंगरंगोटी, गिलावा, फरशी यांच्या बरोबरीने कौलं बदलणं आणि छप्पर नव्याने घालणं ही कामं तिने परवानगी न लागणाऱ्यांच्या यादीत घातली.

म्हणजे फुटलेला सिमेंटचा पत्रा काढून त्याच उंचीवर नवा पत्रा बसवला, तर ती दुरुस्ती. धाबं उतरवून स्लॅब टाकणं हे वेगळं काम आहे. मातीच्या भिंती स्लॅबचं वजन पेलत नाहीत, म्हणून कॉलम उभे राहतात, पाया नवा होतो, बहुधा उंचीही वाढते. बोलताना आपण ‘छप्पर बदललं’ म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने ती पुनर्बांधणी आहे. खानदेशात घोळ होतो तो इथेच, कारण आपल्याकडे छप्पर बदलणं म्हणजे बहुतेक वेळा धाब्याचा स्लॅब करणंच असतं. या बदलाला सरकारी योजनांनीही जोर दिला. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत मातीचं छत ‘कच्चं’ धरलं गेलं आणि घरकुलासाठी तीच मोजणी आधार ठरली. उन्हाळ्यात गारवा देणारं, स्थानिक मातीत बांधलेलं घर कागदावर उणं ठरलं, याचं मला वाईट वाटतं. अर्थात धाबं सांभाळणारी माणसं आणि चांगलं लाकूड दोन्ही दुर्मिळ झालीत, हेही खरंच.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग वगळून राज्यभर एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे सामाईक नियम, लागू झाली. पाठोपाठ फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने गावठाणातल्या सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला परवानगीची अट काढली. मालकाने ठरलेली कागदपत्रं ग्रामपंचायतीला द्यायची. ३,२०० चौरस फुटांपर्यंतचा परवाना देणं ग्रामपंचायतीकडे आलं.

सवलत आली, पण अडचण मालकीच्या कागदाशी अडली. गावात पिढ्यानपिढ्या घराचा पुरावा म्हणजे नमुना ८ चा उतारा, आणि तो मुळात कर आकारणीचा कागद. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्ता पत्रकं द्यायला सुरुवात झाली. स्लॅबचं काम काढणाऱ्याने आधी ते पत्रक आपल्या नावावर आहे का, आणि त्यातलं क्षेत्र जागेवरच्या भिंतींशी जुळतं का, हे पाहून घ्यावं. दोन घरांमधली सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती धाबं उतरवण्याआधीच घ्यायला हवी, कारण जुन्या गल्ल्यांत एकाच भिंतीवर दोन घरांचे सर टेकलेले असतात.