जीपार्टेड सगळी डिस्क रिकामी दाखवतंय? आधी माउसवरचा हात काढा

लॅपटॉपवर विंडोज व्यवस्थित चालू आहे, सी ड्राइव्हमध्ये ऑफिसचं काम, डी मध्ये लग्नाचे फोटो, सगळं जागच्या जागी. सी भरत आला म्हणून कोणीतरी सांगतं, जीपार्टेडची (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन्स, छोटे-मोठे करणाऱ्या टूलची) लाइव्ह सीडी टाक आणि पार्टिशन वाढव. सीडी टाकून (आता बहुतेक वेळा पेनड्राइव्हच) मशीन चालू केली, जीपार्टेड उघडलं, तर समोर एकच लांबलचक राखाडी पट्टा आणि त्यावर 'अनअलोकेटेड'. म्हणजे पार्टिशन वगैरे काही नाहीच म्हणे. आता पुन्हा विंडोज चालू केलं तर सगळं परत हजर, फोटोसकट.

यात सॉफ्टवेअर बिघडलंय असं बहुतेकांना वाटतं. खरं तर बहुतेक वेळा ते जे दिसतंय ते प्रामाणिकपणे सांगत असतं, फक्त फार कमी शब्दांत. ते कळायला डिस्कवर पार्टिशन म्हणून नेमकं काय लिहिलेलं असतं ते बघायला लागतं, आणि ते आश्चर्य वाटेल इतकं थोडं असतं.

जुन्या पद्धतीच्या म्हणजे एमबीआर डिस्कवर सगळ्यात पहिला सेक्टर, म्हणजे डिस्कचा सगळ्यात छोटा तुकडा, ५१२ बाइट्सचा. त्यातले ४४६ बाइट्स मशीन चालू करायच्या कोडसाठी, शेवटचे २ बाइट्स सही म्हणून, आणि मध्ये उरले फक्त ६४ बाइट्स, हेच अख्खं पार्टिशन टेबल. प्रत्येक पार्टिशनला १६ बाइट्स, म्हणून मुख्य पार्टिशन्स फक्त चार. त्या १६ मध्ये पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून सुरू होतं आणि त्यात किती सेक्टर आहेत हे दोन आकडे सगळ्यात महत्त्वाचे. दोन्हींना ४-४ बाइट्स, त्यामुळे ५१२ बाइट्सच्या सेक्टरवर एमबीआरची धाव २.२ टीबीच्या आसपास संपते. हे सगळं साधारण १९८३ सालच्या डॉसपासून चालत आलंय, तेव्हा १० एमबीची हार्ड डिस्क म्हणजे चैन होती.

सातबारा आणि शेत यांचं जे नातं तेच पार्टिशन टेबल आणि डेटा यांचं. सातबाऱ्यावर हद्द चुकीची चढली म्हणून शेतातला ऊस गायब होत नाही, पण त्या कागदाच्या भरवशावर कोणी जेसीबी घेऊन आला तर मात्र ऊस जातो. जीपार्टेड हा कागद बघून काम करणारा माणूस आहे आणि हद्दी जुळत नसतील तर तो कामाला हातच लावत नाही.

पट्टा राखाडी दिसण्याचं एक नेहमीचं कारण इथेच आहे. जीपार्टेडच्या पोटात लिबपार्टेड नावाची लायब्ररी असते, टेबल वाचायचं काम तिचं. दोन पार्टिशनच्या हद्दी एकमेकांत घुसलेल्या दिसल्या, किंवा शेवटच्या पार्टिशनची हद्द डिस्क संपल्यावरही पुढे चाललीय असं दिसलं, तर ती अख्खं टेबलच नाकारते, आणि टेबल नाही म्हटल्यावर जीपार्टेडला सगळी डिस्क रिकामी दिसते. विंडोजचं तसं नाही, ते आपल्या पार्टिशनचा सुरुवातीचा आकडा उचलतं आणि कामाला लागतं, शेजाऱ्याची हद्द कुठे जाते याची त्याला पडलेली नसते. म्हणून वर्षानुवर्षं चुकीचं टेबल घेऊन मशीन चालू राहते आणि आपल्याला पत्ताच नसतो. अशा वेळी यादीतल्या डिस्कवर राइट क्लिक न करता वर 'व्ह्यू' मेन्यूत 'डिव्हाइस इन्फर्मेशन' बघा, आणि राखाडी पट्ट्याच्या बाजूला पिवळा त्रिकोण असेल तर त्याची 'इन्फर्मेशन' उघडा. तिथे खरं कारण लिहिलेलं असतं, 'ओव्हरलॅपिंग' किंवा 'आउटसाइड द डिस्क' असले शब्द सापडतील. मग दुरुस्ती म्हणजे टेबलमधला एखादा आकडा बरोबर करणं, डेटाला धक्काही न लावता. त्यासाठी आधी टर्मिनलमधून एसएफडिस्क या लिनक्स कमांडने सगळं टेबल एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवायचं, आकडेमोड कागदावर करायची आणि मगच बदलायचं. ज्याला ही आकडेमोड जमत नाही त्याने इथे स्वतः प्रयोग करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं कारण जरा गमतीशीर. डिस्कवर आधी कधीतरी नव्या पद्धतीचं जीपीटी टेबल होतं, नंतर कोणीतरी जुन्या टूलने त्यावर एमबीआर बनवलं पण जीपीटीच्या खुणा पुसल्याच नाहीत. जीपीटीचं हेडर दुसऱ्या सेक्टरमध्ये असतं आणि त्याच्या सुरुवातीलाच 'ईएफआय पार्ट' अशी आठ अक्षरी सही असते. लिबपार्टेडला एकीकडे जीपीटीची सही दिसते आणि दुसरीकडे खरंखुरं एमबीआर, ते गोंधळून विचारतं की बाबा यातलं नक्की कुठलं धरू? फिक्सपार्ट्स नावाचं छोटं टूल नेमकं हेच शिळं जीपीटी काढायला बनवलंय.

तिसरा प्रकार हल्ली सगळ्यात जास्त बघायला मिळतो कारण लोक जुन्या छोट्या एसएसडीवरून मोठ्या एसएसडीवर क्लोन करतात. क्लोन झाल्यावर जीपार्टेड उघडलं की मेसेज येतो, डिस्कवरची सगळी जागा वापरलेली दिसत नाही, फिक्स करू का इग्नोर करू. लोक घाबरून इग्नोर दाबतात आणि मग उरलेली जागा का वापरता येत नाही म्हणून डोकं धरून बसतात. जीपीटी टेबल दोन ठिकाणी असतं, एक डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी कॉपी अगदी शेवटच्या सेक्टर्समध्ये, दोन्हीवर सीआरसीचा चेक (मजकूर बिघडला तर कळावं म्हणून). २५० जीबीची डिस्क ५०० वर जशीच्या तशी उतरवली की ती शेवटची कॉपी आता डिस्कच्या मध्यावर येऊन पडते. शिवाय डिस्क कुठे संपते हेही टेबलमध्ये लिहिलेलं असतं, ते जुनंच राहतं. फिक्स दाबलं की कॉपी खऱ्या शेवटाला जाते आणि तो आकडा बदलतो, पार्टिशन्सना कोणी हात लावत नाही. क्लोन केल्यानंतर हा मेसेज आला तर फिक्स दाबायला हरकत नाही. क्लोन वगैरे काही न करता अचानक आला तर मात्र डिस्कचा आकार मशीनला बरोबर दिसतोय का ते आधी बघा, कारण काही यूएसबी केसेस आकार वेगळाच सांगतात.

हे सगळं लाइव्ह सीडीवरून का करायचं हा प्रश्न रास्त आहे. चालू असलेल्या सिस्टीमचं पार्टिशन हलवता येत नाही आणि जीपार्टेडला बहुतेक वेळा छोटंही करता येत नाही, कारण त्यातल्या फाइल्स सतत वापरात असतात. लाइव्ह सीडीत अख्खी लिनक्स सिस्टीम एका दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते आणि जे काही बदलतं ते रॅममध्ये लिहिलं जातं, त्यामुळे हार्ड डिस्क मोकळी राहते. राहायला हवी, असं म्हणू. कारण उबुंटूसारखी लाइव्ह सिस्टीम डिस्कवर लिनक्सचं स्वॉप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची जागा) दिसलं की ते न विचारता वापरायला घेते. मग जीपार्टेडमध्ये त्याच्यापुढे किल्ली किंवा कुलपाचं चिन्ह येतं आणि रीसाइजचा पर्याय फिका पडतो. स्वॉप जर एक्स्टेंडेड पार्टिशनच्या (पोटात आणखी पार्टिशन्स ठेवणाऱ्या पार्टिशनच्या) आत असेल तर बाहेरचं एक्स्टेंडेडही अडकतं, आणि लोक विचार करत बसतात की याला काय झालं. राइट क्लिक करून 'स्वॉपऑफ' करा, बाकीच्यांना 'अनमाउंट', संपलं. फाइल मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर नुसतं क्लिक केलं तरी तो माउंट होतो, म्हणजे वापरात येतो, हेही लक्षात असू द्या.

विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टीमवर लाल किंवा पिवळं चिन्ह येऊन रीसाइज नाकारलं जात असेल तर दहातल्या बऱ्याच वेळा गुन्हेगार फास्ट स्टार्टअप असतो. विंडोज ८ पासून शटडाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नेलची म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची अवस्था हायबरनेशन फाइलमध्ये ठेवून झोपतं. झोपलेल्या विंडोजच्या पार्टिशनचा आकार बदलला तर ते उठल्यावर जुन्या नकाशाने लिहायला सुरुवात करणार, म्हणून लिनक्सचं टूल नकार देतं आणि योग्यच करतं. कंट्रोल पॅनेलमधून फास्ट स्टार्टअप बंद करा, किंवा शिफ्ट दाबून ठेवून शटडाऊन करा. आणि जर मेसेजमध्ये 'एनटीएफएस इज इनकन्सिस्टंट' दिसलं तर विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) चालवा आणि मशीन दोनदा रीस्टार्ट करा. दोनदा का विचाराल तर मेसेजमध्येच मोठ्या अक्षरात तसं लिहिलेलं असतं, लोक एकदाच करतात आणि मग म्हणतात चालत नाही. लिनक्सचं एनटीएफएस फिक्स हे चेकडिस्कला पर्याय नाही, ते बहुतेक करून खुणा पुसतं आणि पुढच्या वेळी विंडोजला तपासायला सांगतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर आकार बदलायचं काम विंडोजमधूनच करा किंवा आधी डिक्रिप्ट करा, आणि ४८ अंकी रिकव्हरी की कुठे ठेवलीय ते आजच बघा.

डिस्क यादीत दिसतच नसेल तर प्रकार वेगळा. बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर बायोसमध्ये स्टोरेज रेड किंवा आरएसटी मोडवर ठेवलेलं असतं आणि लाइव्ह लिनक्सला आतली डिस्क सापडत नाही. मोड बदलून एएचसीआय केला की दिसते, पण तसाच बदलला तर विंडोज निळा स्क्रीन दाखवू शकतं, म्हणून आधी विंडोजला सेफ मोडमध्ये चालू होण्यासाठी सेट करून मग मोड बदलायचा. याच्या उलट जुन्या डेस्कटॉपवर जीपार्टेड 'सर्चिंग' म्हणून तासन्‌तास अडकून बसतं, आणि कारण निघतं बायोसमध्ये चालू ठेवलेली फ्लॉपी, जी मशीनला जोडलेलीच नाही. बायोसमधून फ्लॉपी बंद केली की काम होतं, किंवा टर्मिनलमधून जीपार्टेडला फक्त हवी ती डिस्क सांगून चालू करायचं. मेन्यूनंतर स्क्रीन काळाच राहत असेल तर ग्राफिक्स कार्डचा घोळ, सेफ ग्राफिक्सचा पर्याय निवडा. पेनड्राइव्हवरून बूटच होत नसेल तर आयएसओ फाइल त्यावर नुसती कॉपी केलेली नाही ना ते बघा, ती इमेज म्हणून लिहावी लागते.

आता खरं जोखमीचं काम, पार्टिशन हलवणं. उजवीकडची हद्द वाढवायची असेल तर फाइल सिस्टीमच्या नोंदी वाढतात आणि मिनिटाभरात काम होतं. डावीकडची हद्द सरकवली की आतला प्रत्येक ब्लॉक उचलून नव्या जागी ठेवावा लागतो. ३०० जीबीचं एनटीएफएस पार्टिशन, सेकंदाला ५० एमबीने हललं तर ६००० सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं, आणि जुन्या फिरत्या डिस्कवर वाचणं लिहिणं एकाच हेडने होतं म्हणून वेग अजून पडतो. त्यात नवी जागा आणि जुनी जागा एकमेकांवर येतात, त्यामुळे डावीकडे न्यायचं असेल तर सुरुवातीपासून आणि उजवीकडे न्यायचं असेल तर शेवटापासून कॉपी करत जायला लागतं, नाहीतर अजून न उचललेला डेटाच पुसला जाईल. मध्येच लाइट गेली तर अर्धा डेटा इकडे, अर्धा तिकडे, आणि टेबलला कुठलाच पत्ता बरोबर वाटत नाही. विदर्भ मराठवाड्यात उन्हाळ्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय डावी हद्द हलवू नका, लॅपटॉप असेल तर बॅटरी खरंच टिकतेय का बघा आणि चार्जर लावून ठेवा.

बऱ्याचदा हलवायची गरजच टाळता येते. सी वाढवायचाय, रिकामी जागाही आहे, पण मध्ये विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन बसलंय. इथे सी ला हात न लावता ते अर्ध्या एक जीबीचं रिकव्हरी पार्टिशन उजव्या टोकाला सरकवायचं, मग सी उजवीकडे वाढवायचा. नंतर विंडोजमध्ये रिकव्हरी चालू आहे का ते तपासायचं, कधी कधी परत चालू करावी लागते.

जीपार्टेडमध्ये तुम्ही जे ठरवता ते खाली रांगेत साठतं आणि अप्लाय दाबेपर्यंत डिस्कवर काही होत नाही, हा त्याचा मोठा चांगुलपणा. अपवाद मात्र माहीत हवेत. 'क्रिएट पार्टिशन टेबल' रांगेत थांबत नाही, विचारून लगेच करतं. ते चुकून झालंच तर त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नका, नवीन पार्टिशन बनवून फॉरमॅट तर मुळीच नको. नवीन टेबलने फक्त ते थोडे सेक्टर बदललेत, आतल्या फाइल सिस्टीम बहुधा तशाच आहेत. टेस्टडिस्क हे टूल जीपार्टेडच्या लाइव्ह सीडीत आधीपासून असतं, ते डिस्क चाळून फाइल सिस्टीमच्या सुरुवातीच्या खुणा शोधतं आणि त्यावरून हद्दी परत लिहून देतं. लिहिण्याआधी त्यातच फाइल्सची यादी उघडून बघता येते, यादी ओळखीची दिसली तर पार्टिशन बरोबर सापडलं.

'इनपुट आउटपुट एरर' आला तर सगळं बाजूला ठेवा. हा टेबलचा वाद राहिलेला नाही, डिस्कच वाचता येत नाहीये. टर्मिनलमध्ये स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कची तब्येत बघा. ५ नंबरच्या ओळीत बदली केलेले सेक्टर, १९७ मध्ये वाट बघत असलेले खराब सेक्टर, आणि १९९ वाढत असेल तर डिस्कपेक्षा सॅटा केबलवर संशय घ्या, केबल बदलून स्वस्तात सुटका होते. ५ आणि १९७ वाढत असतील तर रीसाइजचं नावही काढू नका, डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर कॉपी घ्या. ते आधी चांगले भाग पटापट वाचून घेतं आणि खराब जागांशी शेवटी झगडतं, म्हणजे मरणाऱ्या डिस्ककडून मिळेल तेवढं आधी पदरात पडतं.

कुठलंही ऑपरेशन फेल झालं की जीपार्टेड 'सेव्ह डिटेल्स' विचारतं. लाइव्ह सीडी बंद केली की रॅममधलं सगळं जातं, त्यामुळे ती फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा, कोणाची मदत मागायला गेलात तर पहिला प्रश्न त्याच फाइलचा येतो. सगळं नीट पार पडलं तर विंडोज पहिल्यांदा चालू होताना स्वतःहून चेकडिस्क चालवेल, ते मध्येच बंद करू नका. लिनक्सचं बूट पार्टिशन हलवलं असेल आणि ग्रबचा (लिनक्स चालू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) काळा प्रॉम्प्ट आला तर डेटा गेला असं समजू नका, ग्रबला आपल्या फाइल्स जुन्या जागी सापडत नाहीयेत, लाइव्ह सीडीवरूनच ग्रब परत इन्स्टॉल केलं की मशीन पुन्हा उठते.