काउंटीची जाहीर नोटीस आणि काउंटीचे वर्तमानपत्र

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील मॅरियन काउंटीने नोव्हेंबर 2025 मध्ये 'मॅरियन काउंटी रेकॉर्ड' या साप्ताहिकाशी चाललेले दावे मिटवताना 30 लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले आणि झाल्या प्रकाराबद्दल खेदही व्यक्त केला. जेमतेम 12 हजार वस्तीच्या, गव्हाच्या शेतांनी वेढलेल्या या काउंटीच्या मानाने ही रक्कम डोळ्यांत भरणारी आहे. 11 ऑगस्ट 2023 रोजी पोलिसांनी या साप्ताहिकाच्या कचेरीवर आणि मालकांच्या घरावर छापा घालून संगणक व फोन उचलून नेले होते, आणि सहमालक जोन मायर या 98 वर्षांच्या बाईंचा दुसऱ्याच दिवशी मृत्यू झाला होता. या छाप्याची चर्चा बहुतेक ठिकाणी वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या अंगाने झाली आणि ते योग्यच होते. मात्र काउंटीचे सरकार आणि काउंटीचे वर्तमानपत्र यांचे नाते मुळातच विचित्र आहे: ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच आधाराने हे वर्तमानपत्र उभे राहिले. ते नाते कसे घडले, हे ध्यानात घेतल्याशिवाय मॅरियनचा प्रसंग पुरता कळत नाही.

काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा, असे म्हटले तर ते अर्धेच खरे होईल. वस्तीने ती पुष्कळदा एखाद्या तालुक्याहूनही लहान असते, आणि तिचा कारभार वरून नेमलेला जिल्हाधिकारी पाहत नाही, तर निवडून आलेले मंडळ पाहते. शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलिसप्रमुख, खजिनदार, दप्तर सांभाळणारा क्लार्क हेही बहुतेक राज्यांत मतदारच निवडतात. अशा 3,100 हून अधिक काउंट्या अमेरिकेत आहेत. इतक्या लहान घटकात इतक्या जागा मतदाराने भरायच्या, तर त्या जागांवरची माणसे करतात काय, हे त्याला कोणीतरी दर आठवड्याला सांगायला हवे. ती सोय राज्यकर्त्यांनी फार लवकर केली, आणि तीही टपालातून. 1792 च्या टपाल कायद्याने पत्राला अंतराप्रमाणे 6 ते 25 सेंट हशील ठरवले, पण वर्तमानपत्र मात्र 100 मैलांपर्यंत 1 सेंटात आणि त्यापुढे दीड सेंटात जाऊ दिले. संपादकांनी एकमेकांना पाठवलेले अंक तर फुकट जात. पुढे 1851 मध्ये साप्ताहिक आपल्या काउंटीतल्या वर्गणीदाराला विनाहशील पोचवण्याची सवलत मिळाली. काउंटीची हद्द हीच वर्तमानपत्राची हद्द होण्यामागे या सवलतीचा वाटा मोठा होता. फुकट टपाल पुढे बंद झाले, तरी काउंटीतल्या अंकांसाठी वेगळा, स्वस्त दर आजही आहे.

दुसरा आधार जाहीर नोटिशीचा. 1789 मध्ये भरलेल्या पहिल्याच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, आपले कायदे किमान तीन वर्तमानपत्रांत छापले जावेत, असे ठरवले. हीच रीत राज्यांनी व काउंट्यांनी उचलली: अंदाजपत्रक, निविदा, मालमत्ता कराच्या थकबाकीदारांची यादी, शेरीफमार्फत होणारे लिलाव, हे सारे पैसे मोजून वर्तमानपत्रात छापायचे, आणि त्यासाठी काउंटीने एका पत्राला 'अधिकृत' ठरवायचे. मराठी वाचकाला ही पाने ओळखीची वाटतील, कारण आपल्या जिल्हा दैनिकांच्या आतल्या पानावरही वकिलामार्फत दिलेली 'जाहीर नोटीस' अशाच बारीक टायपात दाटीवाटीने बसलेली असते.

ही नोटीस म्हणजे नुसता उपचार नव्हता, हे पश्चिमेकडच्या माळरानावर फार स्पष्ट दिसले. 1862 च्या होमस्टेड कायद्याने सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसणाऱ्याला 160 एकरांची मालकी मिळू लागली. पण 1879 च्या कायद्याने अशी अट घातली की अंतिम पुरावा देण्यापूर्वी जमिनीला सर्वांत जवळ असलेल्या वर्तमानपत्रात 30 दिवस नोटीस छापली गेली पाहिजे. त्या चार-सहा ओळींत दावेदाराचे नाव, जमिनीचे वर्णन आणि तो तिथे सलग राहिला अशी साक्ष देणाऱ्या शेजाऱ्यांची नावे असत. शेजारच्या शिवारातला माणूस अंक उघडी, ती नावे वाची, आणि दावेदार दोन हिवाळे गावाकडे जाऊन राहिला होता हे त्याला ठाऊक असेल तर जमीन कचेरीत हरकत घेऊ शके. नागरिकाचा सहभाग म्हणतात तो इथे इतका रोखठोक होता. नोटिशीचे पैसे दावेदार देई, म्हणून डाकोटाच्या ओसाड टापूंतही एखादा हातछापखाना आणि छपाईच्या खिळ्यांच्या दोन पेट्या घेऊन कोणीतरी साप्ताहिक सुरू करी, आणि टापूतले दावे संपले की त्यांतली कित्येक पत्रे गाशा गुंडाळत.

टिकून राहिलेल्या पत्रांचा उरलेला मजकूर आज वाचताना गंमत वाटते. खेड्याखेड्यांतले हौशी वार्ताहर, बहुधा शेतकऱ्यांच्या घरातल्या बायका, कोणाकडे पाहुणे आले, कोणाचे धान्यकोठार जळाले, हे कळवत. देशाविदेशाच्या बातम्या मात्र अनेकदा बाहेरून छापून येत. 1861 मध्ये विस्कॉन्सिनमधील बाराबू या गावचे संपादक अॅन्सेल केलॉग यांचे छापखान्यातले हात यादवी युद्धावर गेले, तेव्हा त्यांनी एका बाजूने आधीच छापलेले ताव मॅडिसनहून मागवले आणि कोऱ्या बाजूवर आपल्या काउंटीच्या बातम्या छापल्या. त्यांनी पुढे शिकागोत हाच धंदा थाटला आणि शेकडो साप्ताहिके असे अर्धे छापलेले ताव वापरू लागली. परक्या बातम्या विकत घेता येतात, काउंटीच्या सभेचे वृत्त मात्र स्वतः जाऊन बसल्याशिवाय मिळत नाही, हा फरक त्या अर्ध्या कोऱ्या तावावर उघड दिसे.

या व्यवस्थेला खोट होतीच. 'अधिकृत' पत्राचा मान सत्तेतल्या पक्षाच्या पत्राला मिळे आणि संपादक स्वतःच पुढारी असे. 1869 मध्ये निघालेले मॅरियनचे पत्र 1874 पासून एडवर्ड हॉक यांच्याकडे होते, आणि हे हॉक 1905 ते 1909 या काळात कॅन्ससचे राज्यपाल होते. तटस्थ वार्ताहराने काउंटीच्या सभेत कोपऱ्यात बसून टिपणे घ्यावीत, हे चित्र बरेच अलीकडचे आहे. फ्लोरिडाने 1967 मध्ये आणि कॅन्ससने 1972 मध्ये सभा खुल्या ठेवण्याचे कायदे केल्यावर त्याला कायद्याचे पाठबळ मिळाले. आयोवातील ब्यूना व्हिस्टा काउंटीच्या 'स्टॉर्म लेक टाइम्स'ने त्याचा फार चांगला उपयोग केला. शेतांतून नदीत उतरणाऱ्या नायट्रेटवरून डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने 2015 मध्ये तीन काउंट्यांवर खटला भरला, तेव्हा काउंट्यांच्या वकिलांचे पैसे कोण देत आहे, एवढा साधा प्रश्न या 3 हजार खपाच्या पत्राने लावून धरला. शेती उद्योगातील मंडळी ते पैसे देत होती. संपादक आर्ट कलेन यांना 2017 मध्ये अग्रलेखांसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

त्याच सुमारास पत्रे झपाट्याने बंद पडत होती. छोट्या जाहिराती इंटरनेटने नेल्या, गावातली दुकाने मोठ्या साखळी दुकानांनी संपवली आणि त्यांच्या जाहिरातीही संपल्या. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या 2024 च्या अहवालानुसार 2005 नंतर देशातली एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रे नाहीशी झाली आणि 206 काउंट्यांत स्थानिक बातमीचा एकही स्रोत उरला नाही. याचा मतदानावर होणारा परिणाम 31 डिसेंबर 2007 रोजी बंद झालेल्या 'सिनसिनाटी पोस्ट'च्या निमित्ताने तपासला गेला: केंटकीतील ज्या उपनगरांची भिस्त या पत्रावर होती, तिथे उमेदवार कमी झाले, मतदान घटले आणि पदावर असलेलेच पुन्हा निवडून येण्याचे प्रमाण वाढले.

जाहिराती आटल्यावर जाहीर नोटिशीचे पैसे जिवाचा आधार ठरले, आणि मग ती नोटीसच हत्यार म्हणून वापरता येऊ लागली. कोलोरॅडोतील कस्टर काउंटीत 'वेट माउंटन ट्रिब्यून'ने तिथल्या सार्वजनिक आरोग्य संचालकाच्या पदवीवर प्रश्नचिन्ह उभे केले. त्यानंतर 2022 मध्ये काउंटीच्या मंडळाने नोटिशींचे काम या पत्राकडून काढून, त्याहून महाग बोली लावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला दिले. पत्र न्यायालयात गेले. सूड म्हणून सरकारी जाहिराती बंद करणे राज्यघटनेत बसत नाही, असा निकाल पोर्तो रिकोतील 'एल दिया' या दैनिकाच्या प्रकरणात 1999 मध्ये फेडरल अपील न्यायालयाने दिलेला होताच. शेवटी तडजोड झाली आणि काउंटीने 50 हजार डॉलर व चार वर्षांसाठी अधिकृत पत्राचा दर्जा दिला.

मॅरियनमध्ये पैशाचा आधार काढून घेतला गेला नाही, थेट दार ठोठावले गेले. इथे हॉक घराण्याचे पत्र साखळी कंपनीच्या हाती जाऊ नये म्हणून 1998 मध्ये मायर कुटुंबाने विकत घेतले होते. त्यातले बिल मायर 1948 पासून तिथेच काम करत होते आणि त्यांच्या पत्नी जोन स्थानिक इतिहासाचे सदर लिहीत. एका उपाहारगृहाच्या दारू परवान्याशी संबंधित माहिती वार्ताहराने राज्याच्या खुल्या नोंदींत पडताळून पाहिली, बातमी छापली तर नाहीच, उलट पोलिसांना कळवले. आणि त्या पडताळणीलाच ओळखचोरी ठरवून वॉरंट काढण्यात आले. वृत्तपत्राच्या कचेरीची झडती घेण्यावर 1980 च्या संघीय कायद्याने कडक बंधने आहेत. हा कायदाही 1971 मध्ये कॅलिफोर्नियात 'स्टॅनफर्ड डेली' या विद्यार्थी पत्रावर पडलेल्या छाप्यातूनच आला होता. पाचव्या दिवशी काउंटीच्या सरकारी वकिलाने वॉरंट मागे घेतले. त्याच दिवशी, रात्रभर जुने संगणक जुळवून तयार केलेला अंक नेहमीप्रमाणे बाहेर पडला. जप्ती झाली, पण गप्प बसलो नाही, अशा आशयाचा ठळक मथळा त्याच्या पहिल्या पानावर होता.

नोटिशीचा प्रश्न मात्र मॅरियनच्या भरपाईने सुटत नाही. फ्लोरिडात 1 जानेवारी 2023 पासून काउंट्यांना जाहीर नोटिशी वर्तमानपत्राऐवजी काउंटीच्या संकेतस्थळावर टाकण्याची मुभा मिळाली आहे. खर्च वाचतो, हा त्यामागचा युक्तिवाद खोटा नाही. पण वर्तमानपत्रात नोटीस छापली की कोणत्या तारखांच्या अंकांत ती आली, याचे शपथपत्र प्रकाशक देतो आणि न्यायालयात तो पुरावा धरला जातो. संकेतस्थळाच्या बाबतीत ठराव करणारे, नोटीस टाकणारे आणि ती वेळेवर टाकली होती असे लिहून देणारे कार्यालय एकच असते.