ओव्हरड्राइव्हचे बटण नेमके काय बंद करते?

स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या मागच्या पिढीतील अनेक मोटारींच्या गिअर लिव्हरवर, अंगठ्याखाली येईल असे एक लहानसे बटण असते आणि ते दाबले की चालकासमोरच्या फलकावर ‘ओ/डी ऑफ’ हा दिवा उजळतो. काहींना तो बिघाडाची सूचना वाटतो, तर काहींची अशी खात्री असते की ओव्हरड्राइव्ह म्हणजे इंजिनाची राखून ठेवलेली जादा ताकद असून ओव्हरटेक करताना ती वापरायची असते. दोन्ही समज चुकीचे आहेत. ओव्हरड्राइव्ह हा गाडीतला सर्वांत कमी ओढ देणारा गिअर आहे, तो एरवी उपलब्धच असतो आणि बटण दाबल्याने गिअरबॉक्सला तो वापरण्याची केवळ मनाई होते. दिवा सतत लुकलुकू लागला, तर मात्र अनेक गाड्यांत तो खरोखरच बिघाडाचा इशारा असतो.

थोडे गणित करू. चाकाचा परीघ २ मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना चाक मिनिटाला सुमारे ८३३ फेरे घेते. डिफरन्शियलचे, म्हणजे गिअरबॉक्समधून आलेले फेरे कमी करून चाकांना देणाऱ्या दंतचक्रांच्या संचाचे, गुणोत्तर ३.९ असेल, तर डायरेक्ट गिअरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणारे आणि त्यातून बाहेर पडणारे फेरे सारखेच असताना, इंजिनाला मिनिटाला ३२५० फेरे घ्यावे लागतात. ओव्हरड्राइव्हचे गुणोत्तर ०.७ असले, म्हणजे बाहेर पडणाऱ्या एका फेऱ्यासाठी आत ०.७ फेरेच शिरत असले, की तोच वेग इंजिन २२७५ फेऱ्यांत राखते. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाण्यासाठी इंजिनाच्या कमाल शक्तीचा लहानसाच हिस्सा लागतो, म्हणून हे परवडते आणि घर्षणात वाया जाणारी ऊर्जा घटून इंधन वाचते.

फेरे वाढवण्याचे हे काम ज्या रचनेतून होते, ती यंत्रशास्त्रातील माझ्या मते सर्वांत देखणी रचना आहे. मधोमध सन गिअर, त्याच्याभोवती त्याला भिडलेले लहान प्लॅनेट गिअर, त्या सर्वांना धरून ठेवणारा कॅरिअर आणि या साऱ्यांना बाहेरून वेढणारा, आतल्या बाजूला दाते असलेला रिंग गिअर. फोर्डच्या १९०८ सालच्या मॉडेल टीमध्येही याच प्रकारची दंतचक्रे होती. येथे कोणतेही चक्र सरकवून दुसऱ्यात अडकवावे लागत नाही, कारण सर्व दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. कोणता भाग फिरवायचा आणि कोणता पकडून ठेवायचा, एवढेच बदलते.

समजा, सन गिअरला ३० आणि रिंग गिअरला ७० दाते आहेत. इंजिनाकडून येणारी गती कॅरिअरला दिली आणि सन गिअर ब्रेकने घट्ट पकडून ठेवला, तर प्लॅनेट गिअर त्या स्थिर सन गिअरवरून गडगडत फिरू लागतात. रस्त्यावर घरंगळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो आणि माथ्यावरचा बिंदू आसाच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. त्याचप्रमाणे प्लॅनेट गिअरची आतली कड स्थिर, तर बाहेरची कड त्याच्या केंद्राच्या दुप्पट वेगाने जाते, आणि हाच दुप्पट वेग रिंग गिअरला मिळतो. दात्यांच्या प्रमाणात त्रिज्या मोजली, तर प्लॅनेट गिअरचे केंद्र मध्यापासून ५० एककांवर आणि रिंग गिअरची कड ७० एककांवर येते. म्हणून कॅरिअरच्या एका फेऱ्यात रिंग गिअर २ × ५० ÷ ७०, म्हणजे सुमारे १.४३ फेरे घेतो. याचा व्यस्त काढला की वर आलेले ०.७ मिळते. आता ब्रेक सोडून क्लचच्या साहाय्याने सन गिअर कॅरिअरलाच जखडला, तर प्लॅनेट गिअरना गडगडण्यास वाव उरत नाही आणि सारा संच एकजीव होऊन फिरतो. हाच डायरेक्ट गिअर. तीन गिअरच्या जुन्या संचाला असा एक संच जोडून चौथा गिअर मिळवण्याची पद्धत कित्येक गाड्यांत होती. बटण दाबल्यावर विद्युत-झडपेमार्फत तेलाचा दाब वळवला जातो आणि सन गिअर पकडणारा ब्रेक सुटलेलाच राहतो.

ऊर्जा अक्षय्य असल्याने फेरे १.४३ पट झाले की पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) ०.७ पट होणार, हे ओघाने आलेच. म्हणूनच भरलेली गाडी चढावर चौथ्या गिअरमध्ये दमते, गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक तिला तिसऱ्यात आणतो, भार हलका वाटताच पुन्हा चौथ्यात टाकतो आणि हा खेळ संपत नाही. त्यात टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनाची गती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा, लॉकअप क्लच (दोन्ही बाजू थेट जखडणारा क्लच) वारंवार सुटल्याने घसरण वाढून तेल तापते. अशा वेळी ओव्हरड्राइव्ह बंद करावा. लांब उतारावरही तेच करावे, कारण इंजिनाचे फेरे वाढले की त्याचा रोध वाढतो आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका घटतो; तीव्र उतारावर लिव्हरची ‘२’ किंवा ‘एल’ (लो) ही खालच्या गिअरची जागा याहून उपयुक्त ठरते.

उतारावर गाडी न्यूट्रल करून इंधन वाचवण्याचा सल्ला तर श्रद्धेने दिला जातो. इंधन इंजेक्शन असलेल्या गाडीत गिअर लागलेला असून ॲक्सिलरेटर सोडलेला असेल, तर फेरे पुरेसे असेपर्यंत नियंत्रक इंजिनाचे इंधनच तोडतो, कारण तेव्हा चाके इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठी इंधन जाळावे लागते आणि इंजिनाचा रोधही हातचा जातो. ‘स्पोर्ट’ मोडचा जाहिरातीतला डौलही असाच तपासून घ्यावा: त्यात गिअर उशिरा बदलतात आणि प्रतिसाद तत्पर होतो, पण इंजिनाची कमाल शक्ती सामान्यतः तेवढीच राहते.

आठ किंवा दहा गिअरच्या आजच्या गिअरबॉक्समध्ये वरचे दोन-तीन गिअर ओव्हरड्राइव्हचेच असतात, त्यामुळे एका बटणाने एकच गिअर वगळण्यात अर्थ उरला नाही आणि ते बटण नाहीसे झाले. अशा गाडीत उतारावर ‘एम’ (मॅन्युअल) निवडून वजा चिन्हाकडे लिव्हर ढकलत खालचा गिअर धरावा. ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटी गिअरबॉक्समध्ये गुणोत्तर पायऱ्यांविना एकाखाली उतरते, म्हणून तिथे हेच काम ‘एल’ किंवा ‘बी’कडे सोपवलेले असते.