माइक आम्ही देऊ, सभाधीटपणाचं काय? (साऊंड सिस्टीमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लग्न असो, सप्ताह असो की शाळेचं गॅदरिंग, अंबाजोगाईतल्या आमच्या दुकानात बुकिंगला आलेले बरेच जण एक गोष्ट हमखास सांगतात, "प्रास्ताविक माझ्याकडं आहे, जरा इको टाका." टाकतो की! पण घशाला कोरड पडली असेल तर तीही इकोसकट मागच्या खुर्चीपर्यंत जाते. त्यावर आमच्या मशीनमध्ये बटण नाही.

मराठवाड्याला भाषणाचं वावडं नाही. पैठणच्या नाथांची भारुडं, गावोगावची कीर्तनं, नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची व्याख्यानं हे सगळं इथलंच. पण आपली सवय ऐकायची. उठून बोलायचं म्हटलं की शाळेत १५ ऑगस्टला पाठ केलेलं भाषण आठवतं, आणि पाठांतराची गंमत अशी की एक ओळ निसटली की पुढचं सगळं निसटतं.

स्टेज डेअरिंग येतं ते वारंवार बोलून, आणि त्यासाठी भाषणाचा क्लब हा आम्हाला सगळ्यात स्वस्त मार्ग वाटतो. आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी त्याच माणसांनी जमायचं आणि आळीपाळीनं बोलायचं. 'टोस्टमास्टर्स' ही १९२४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सुरू झालेली संस्था आज जगभर आहे. तिच्या क्लबात पहिलं भाषण स्वतःची ओळख करून देण्याचं, ४ ते ६ मिनिटांचं. चौथ्या मिनिटाला हिरवा दिवा, पाचव्याला पिवळा, सहाव्याला लाल. (आपल्याकडच्या सत्कार समारंभांत हा लाल दिवा सक्तीचा करावा, असं आमचं मत आहे. जेवणं खोळंबतात.) एक जण तुमचे "अं", "म्हणजे", "तर मग" मोजत बसतो. भाषण झालं की दुसरा सभासद दोन-तीन मिनिटांत काय जमलं आणि पुढच्या वेळी काय सुधारायचं ते सगळ्यांसमोर सांगतो. हे ऐकताना सुरुवातीला कान तापतात, पण घरचे लोक "छान झालं" एवढंच म्हणतात, त्याचा उपयोग शून्य.

सगळ्यात कामाचा भाग म्हणजे आयत्या वेळचा विषय. विषय तिथंच मिळतो आणि एक-दोन मिनिटं बोलायचं. ग्रामसभेत नळाच्या पाण्याचा प्रश्न विचारायला उठलात की लिहून आणलेला कागद कामाला येत नाही, कारण समोरून उलट प्रश्न येतो. ती तयारी इथं होते.

आधी पाहुणे म्हणून एक बैठक बघून या. टोस्टमास्टर्समध्ये पाहुण्यांना सहसा फी नसते आणि बोलायची सक्तीही नसते. सभासद फी किती, बैठक कुठल्या भाषेत चालते, हे विचारून घ्या. नोकरीच्या मुलाखतीसाठी इंग्रजी क्लब चांगला, पण भीती मोडायची असेल तर घरी बोलता त्याच भाषेत सुरू करा. आणि छातीतली धडधड पूर्ण थांबेल अशी वाट बघू नका. बहुतेकांची पहिल्या मिनिटानंतर ओसरते. म्हणून पहिली दोन वाक्यं तेवढी पाठ ठेवा.

तालुक्याला क्लब नसेल तर आठ-दहा जण मिळून वाचनालयात किंवा शाळेच्या वर्गात सुरू करा. एक घड्याळ, एक वही आणि तीन रंगांची कार्डं पुरतात. एवढ्या लोकांना माइक लागतही नाही, पण हाताला सवय व्हावी म्हणून अशा बैठकीला छोटा स्पीकर आणि कॉर्डलेस माइक आम्ही भाडं न घेता देतो. माइक तोंडापासून चार बोटं लांब धरा. फुंकू नका, टकटक करू नका, जाळी मुठीत झाकू नका. माइक घेऊन स्पीकरच्या पुढं गेलात की शिट्टी वाजणारच, तेव्हा आमच्या पोरांवर ओरडण्याआधी दोन पावलं मागं या.

सामान सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणून द्यायचं. दाट लग्नतिथीच्या दिवशी मात्र मागू नका, त्या दिवशी दुकानात वायरसुद्धा शिल्लक नसते.